सोलर पॅनेल दुपारी फार तापतात, पाणी मारून थंड करावेत का?

नमस्कार मंडळी, घराच्या पत्र्यावर ५४० वॅटचे ६ पॅनेल आहेत, म्हणजे ३.२४ किलोवॅट. थंडीत दुपारी बाराला २.७ सहज दिसायचं आणि आता एवढं रणरणतं ऊन असून २.३ च्या वर जात नाही. आधी वाटलं इन्व्हर्टर गंडला, मग डेटाशीट उघडली तर त्यात २५ डिग्रीच्या वर दर डिग्रीला ०.३५ टक्के पॉवर कमी असं दिलंय, आणि ते २५ हवेचं नाही, पॅनेलमधल्या सेलचं तापमान! पॅनेलच्या मागून इन्फ्रारेड थर्मामीटर धरला तर ६३. म्हणजे तेरा टक्के तिथेच गेले.

काल न राहवून नळीने पाणी मारलं, २.३ चं २.५ झालं की, पण दहा मिनिटांत परत जैसे थे. आता वरच्या कडेला भोकं पाडलेला पाइप टाकून अर्धा एचपीचा पंप ११ ते ३ चालवायचा विचार आहे. कुणी केलंय का? बोअरचं पाणी आहे, काचेवर आत्ताच पांढरे डाग दिसतायत.

प्रतिसाद १: अहो अर्धा एचपी म्हणजे साधारण ३७० वॅट, आणि तुम्हाला मिळाले २००! पंप थांबून थांबून चालवला तर कदाचित जमेल, पण ते क्षार काचेवर बसले की घासूनही निघत नाहीत. शिवाय तापलेल्या काचेवर भर दुपारी गार पाणी नकोच, तडा जायची भीती असते. आणि तेरा टक्के वजा केले तरी २.८ उरतात, मग मधले ५०० वॅट कुठे गेले? मला तर धुळीचा संशय येतोय, काल पाण्याने पॅनेल थंड झाले तसे धुतलेही गेले ना थोडेफार.

प्रतिसाद २: पत्रा आणि पॅनेलमध्ये गॅप किती आहे? मागून वारा खेळला पाहिजे. इन्व्हर्टर पण तापला की स्वतःच पॉवर कमी करतो, तो कुठे लावलाय?

धागाकर्ता: गॅप जेमतेम दोन बोटं 😐 आणि इन्व्हर्टर त्याच पत्र्याखाली भिंतीवर, दुपारी हात लावला तर चटका बसतो. पंपच एवढी वीज खाईल हे डोक्यातच आलं नव्हतं. उद्या पहाटे पॅनेल धुऊन पुसतो, दुपारी इन्व्हर्टरसमोर टेबलफॅन लावून बघतो आणि आकडे इथेच टाकतो.