ऑटिझमची थेरपी दीनदयाळ योजनेत घ्या, या मागणीवर तुमचं मत काय?

डिचोलीची_आई

गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ पासून चालू आहे. पाच वर्षं राज्यात राहिलेल्या कुटुंबाला कार्ड मिळतं. घरात तीनपर्यंत माणसं असतील तर वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाखांपर्यंतचे उपचार. योजना चांगली आहे, माझ्या सासऱ्यांच्या ऑपरेशनला तिचाच आधार झाला. पण तिचा सगळा साचा इस्पितळात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांचा आहे. ऑटिझम असलेल्या मुलाला दाखल करायचं नसतं. त्याला स्पीच थेरपी लागते, रोजची कामं करायला शिकवणारी ऑक्युपेशनल थेरपी लागते, स्पेशल एज्युकेटर लागतो, आणि हे सगळं वर्षानुवर्षं.

खासगी मेडिक्लेमची गत तीच. चोवीस तास दाखल नसाल तर ओपीडी, आणि ओपीडी म्हणजे स्वतःच्या खिशातून. आम्ही बिलं पाठवली तेव्हा कंपनीने एका ओळीत नकार कळवला. २०१८ मध्ये खाणी बंद पडल्यापासून आमच्या घरात एकच पगार आहे. मुलगा सहा वर्षांचा. सेशन चुकवायचं की शाळेची फी पुढे ढकलायची, हा हिशोब आम्ही दर महिन्याला करतो.

कायदा बघा. दिव्यांग हक्क कायदा २०१६ ने मान्य केलेल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये दिव्यांगांसाठी सर्वंकष विमा योजनेचा उल्लेख आहे. माझी मागणी साधी आहे: दीनदयाळच्या यादीत थेरपीचं वार्षिक पॅकेज घाला, दाखल होण्याच्या अटीशिवाय. ज्यांना पटत नाही त्यांनीही लिहा, कारण हेच प्रश्न उद्या सरकार विचारणार आहे.

विमा_सल्लागार_फोंडा

ताई, तुमची ओढाताण कळते. पण वीस वर्षं याच धंद्यात आहे म्हणून स्पष्ट लिहितो. शंभर माणसांनी थोडे थोडे पैसे टाकायचे आणि ज्याच्यावर अचानक संकट येईल त्याला द्यायचे, यावर विमा चालतो. थेरपी दर आठवड्याला लागणार हे निदानाच्या दिवशीच ठरलेलं असतं. असं कव्हर दिलं की ज्यांच्या घरी गरज आहे तेच पॉलिसी घेतात, हप्ता चढतो, मग तेही सोडतात. ओपीडी कव्हर असलेल्या पॉलिसी महाग असतात त्या यामुळेच.

काही लोक मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ दाखवतात. त्याच्या कलम २१(४) प्रमाणे विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायला हवं, हे खरं. पण शारीरिक आजारालाही कंपनी दाखल झाल्यावरच पैसे देते. समान वागणूक मिळाली तरी थेरपी बाहेरच राहते. आणि ऑटिझम ही विकासातली स्थिती, मानसिक आजार नव्हे, असा वाद कंपनीचा वकील घालणार तो वेगळाच.

आधी निरामया घ्या. नॅशनल ट्रस्टची योजना आहे, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी. वर्षाला एक लाखापर्यंत कव्हर, आधी वैद्यकीय तपासणी नाही, आणि थेरपी त्यात धरलेली आहे. माझ्या ओळखीतल्या किती तरी पालकांना ती माहीतच नाही.

डिचोलीची_आई

निरामया आमच्याकडे आहे. लाखाच्या आत प्रत्येक गोष्टीची वेगळी मर्यादा असते आणि थेरपीचा वाटा छोटा. शिवाय आधी पैसे भरायचे, मग बिलं पाठवून वाट बघायची. ज्याच्या हातात आधी भरायला पैसे नाहीत त्याने काय करावं?

हप्ता चढण्याचं म्हणाल, तर खासगी पॉलिसीपुरतं ते मला पटतं. म्हणूनच मी दीनदयाळचं नाव घेतलं. तिथे आपण निवडून निवडून शिरत नाही. गरज असो-नसो, राज्यातली बहुतेक कुटुंबं एकाच योजनेत आहेत. तुमचे शंभर माणूस तिथे आधीच जमलेले आहेत. २०१८ मध्ये छापून आलेल्या देशातल्या पाच ठिकाणच्या मोठ्या पाहणीत उत्तर गोवा एक ठिकाण होतं. त्या पाहणीप्रमाणे दोन ते नऊ वर्षांच्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण साधारण शंभरात एक येतं. म्हणजे हा खर्च मोजता येतो. सरकार बजेटमध्ये धरू शकतं.

सत्तरीकर_मास्तर

नमस्कार बाय. शाळेत आयुष्य गेलं, म्हणून लिहितो. माझा विरोध मुलांच्या मदतीला नाही, मार्गाला आहे.

दीनदयाळमधून पैसे दिले की ते जाणार कुठे? जिथे केंद्रं आहेत तिथे. म्हणजे पणजी, पर्वरी, मडगाव. सत्तरीत वाळपईच्या पुढच्या गावातल्या आईच्या हातात कार्ड असेल, पण जवळ थेरपिस्ट नसेल. कदंबाची बस पकडून मुलाला घेऊन यायचं, दोन तास जायला, दोन यायला, तेही गर्दीचा आवाज सहन न होणाऱ्या मुलाला घेऊन. ती किती आठवडे टिकणार? माझ्या वर्गात असं एक मूल होतं. घरच्यांनी सगळं केलं आणि शेवटी थकून सोडलं.

केंद्र सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. शून्य ते अठरा वयाच्या मुलांची तपासणी आणि जिल्ह्याच्या ठिकाणी लवकर हस्तक्षेप केंद्र, अशी त्याची रचना. माणसं नेमून ती केंद्रं बळकट करा. प्रत्येक तालुक्याच्या आरोग्य केंद्रात आठवड्यातून दोन दिवस थेरपिस्ट बसवा. क्लेम नको, बिल नको, मंजुरी नको. विम्यावर टाकलेला पैसा खासगी केंद्रांचे दर वाढवील, सत्तरीत खुर्ची एकही वाढणार नाही.

ओटी_म्हापसा

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. मास्तरांचं अंतराविषयीचं बोलणं शंभर टक्के खरं. पेडण्याहून आलेलं मूल माझ्याकडे पोहोचेपर्यंत इतकं दमलेलं असतं की पहिली वीस मिनिटं त्याला शांत करण्यातच जातात.

पण सरकारी केंद्र की विमा, असा एकच पर्याय का निवडायचा? पद भरायला सरकारला किती वेळ लागतो हे गोव्यात कोणाला सांगायला नको. तोवर दोन-अडीच वर्षांचं मूल पाच वर्षांचं होतं. भाषा आणि संवादासाठी तीच वर्षं सगळ्यात मोलाची.

माझा मतभेद आईंच्या पॅकेजशी आहे. दर सेशनला पैसे असा नियम केला तर सेशन वाढतील, मूल पुढे जाईलच असं नाही. पैसे पालकांना शिकवण्यासाठी द्या. आणि हे आपल्याच गोव्यात करून बघितलेलं आहे, त्याची चर्चा मात्र इथे फार कमी होते. संगत या संस्थेने गोव्यात आणि सोबत पाकिस्तानातल्या रावळपिंडीत एक चाचणी केली, ती २०१६ मध्ये लॅन्सेट सायकियाट्री या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. ६५ मुलं, वय दोन ते नऊ. तज्ज्ञ थेरपिस्टऐवजी प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी पालकांसोबत काम केलं. मुलाशी खेळतानाचं चित्रण पालकांनाच दाखवायचं आणि मूल कधी पुढाकार घेतं, आपण त्याला कसा प्रतिसाद देतो, हे त्यांना बघायला शिकवायचं. पालकांचा प्रतिसाद सुधारला, आणि मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली ती जास्त वेळा. याला महागडी खोली लागत नाही, मास्तर. वाळपईच्या घराच्या ओसरीवर हे होऊ शकतं. दीनदयाळमध्ये पहिलं पॅकेज याचं असावं.

मडगावकर_ऑटिस्टिक

मी २६ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे, नोकरी करतो. इथे पालक, मास्तर, थेरपिस्ट सगळे बोलले, म्हणून मीही लिहितो.

मला भीती वाटते ती पैसे देणारा काय मोजेल याची. विमा देणारा विचारणार, प्रगती किती? मग लहान मुलाला डोळ्यांत बघायला लावतील, हात हलवणं बंद करायला लावतील, कारण ते मोजायला सोपं. माझ्यावर लहानपणी हेच केलं गेलं. हात मांडीखाली दाबून बसवायचे. त्यातून मी शिकलो ते लपायला. मला खरी मदत झाली ती एका स्पीच थेरपिस्टची. मी बोलत नव्हतो तेव्हा तिने मला चित्रांच्या कार्डांवर हवं-नको सांगायला शिकवलं.

अमेरिकेचं उदाहरण लोक देतात. तिथे इंडियाना राज्याने २००१ मध्ये ऑटिझमच्या कव्हरचा कायदा केला आणि २०१९ पर्यंत पन्नासही राज्यांत तशी सक्ती आली. कुटुंबांना आधार मिळाला, ते नाकारत नाही. पण बराचसा पैसा एकाच पद्धतीकडे, वर्तन-थेरपीकडे, वळला. आठवड्याला तीस-चाळीस तास चार वर्षांच्या मुलाला बसवायचं. त्याच इंडियानात मेडिकेडच्या, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, या बिलांची अमेरिकेच्या केंद्र सरकारने तपासणी केली तेव्हा किमान ५६ दशलक्ष डॉलर चुकीचे दिले गेल्याचं २०२४ मध्ये जाहीर झालं. २०२३ पासून आपण पणजीत दिव्यांगांचा पर्पल फेस्ट भरवतो. मग ही यादी ठरवणाऱ्या समितीत ऑटिस्टिक माणूसही असायला हवा.

विमा_सल्लागार_फोंडा

मडगावकर, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. पैसे कशावर गेले याच्या पडताळणीची अडचण मी धरली होती त्यापेक्षा मोठी आहे, एवढं नक्की.

दीनदयाळचं ताईंचं उत्तर मला मान्य आहे, तिथे निवडून शिरण्याचा प्रश्न येत नाही. तरी एक राहतं. थेरपिस्ट खरा कोण हे कोण ठरवणार? स्टेम सेलने ऑटिझम बरा करतो असं सांगून लाखो रुपये घेणारे आहेत. त्यांच्यासाठी हे नवं कुरण होईल.

ओटी_म्हापसा

स्पीच थेरपिस्ट, स्पेशल एज्युकेटर आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, १९९२ च्या कायद्याखाली. ऑक्युपेशनल थेरपिस्ट २०२१ च्या अलाइड हेल्थकेअर कायद्यात येतात. नोंदणी क्रमांकाशिवाय पैसे नाहीत, एवढा नियम पुरेसा. स्टेम सेल तर ऑटिझमसाठी वापरू नये असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या समितीने २०२२ मध्येच सांगितलं आहे. उलट सरकारी यादी झाली तर पालकांना कळेल की कशाला पैसे मिळतात आणि कशाला नाहीत. आज यादीच नाही, म्हणून घाबरलेली आई कोणाच्याही दारात जाते.

सत्तरीकर_मास्तर

ओसरीवर होणार असेल तर माझा विरोध निम्मा राहिला. निम्मा अजून आहे. कार्यकर्त्यांना पगार कोण देणार आणि तो वेळेवर मिळणार का, हे लिहून घ्या. अंगणवाडीच्या बायकांवर आणखी एक काम ढकलायचं असेल तर मी विरोधातच.

डिचोलीची_आई

मास्तर, लिहून घेते. आमदारांना द्यायच्या निवेदनात आता तीन मागण्या असतील. पालक-प्रशिक्षणाचं पॅकेज, घराजवळ, पगारी आणि प्रशिक्षित कार्यकर्त्यांकडून. नोंदणीकृत स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे कॅशलेस सेशन, दाखल होण्याच्या अटीशिवाय. आणि यादी ठरवणाऱ्या समितीत ऑटिस्टिक प्रौढ व पालक.

मडगावकर, तुमच्याशी एका ठिकाणी मी भांडणार आहे. प्रगती मोजूच नका असं सरकारला सांगितलं तर ते पैसेच देणार नाही. काय मोजायचं ते तुम्ही सांगा. माझ्या मुलाने पाणी हवंय हे रडण्याऐवजी दाखवलं, हे मला मोजलेलं हवंय. डोळ्यांत बघितलं की नाही, ते नको.

मडगावकर_ऑटिस्टिक

मग ते निवेदनात तसंच लिहा. मी सही करतो. वर्तन-थेरपीचे तास मात्र मर्यादित ठेवा, हे चौथं घाला.

विमा_सल्लागार_फोंडा

निवेदनाला वेळ लागेल. तोवर बाकीच्या पालकांसाठी: निरामयाला दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. पॉलिसीचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च, नूतनीकरण विसरू नका. प्रत्येक सेशनची पावती थेरपिस्टच्या नोंदणी क्रमांकासह घ्या आणि मूळ प्रत जपून ठेवा. वडील आयकर भरत असतील आणि जुन्या करपद्धतीत असतील तर अवलंबून असलेल्या दिव्यांग मुलासाठी (१९६१ च्या आयकर कायद्यात कलम ८०डीडी) ७५,००० रुपयांची वजावट मिळते, दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००. फोंड्यात कोणाला फॉर्म भरायला मदत हवी असेल तर मी भरून देईन, पैसे घेणार नाही.