मारुती ८००चा स्टॅबिलायझर रॉड तुटलाय, वेल्डिंगवर भागेल का?

देवरुखची_८००

नमस्कार. गाडी माझ्या वडिलांची, आप्पांची. मारुती ८००, २००१चं मॉडेल, १ लाख १२ हजार किलोमीटर झालेत. आप्पा गेल्यापासून मीच चालवते, शाळेत जाऊन-येऊन रोजचे १४ किलोमीटर.

गेल्या रविवारी कोल्हापूरहून येताना आंबा घाट उतरले आणि साखरप्याच्या अलीकडे डावं चाक खड्ड्यात गेलं. खालून 'खाड्' असा आवाज, नारळ आपटावा तसा. पंक्चर नव्हतं. पण त्यानंतर ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायला लागली, आणि ब्रेक सोडून परत रेस दिली की एक 'टक'. दर वेळी. ब्रेक, ओढ, रेस, टक. दुसऱ्या गिअरमध्ये कशीबशी घरी आणली.

गावातल्या गॅरेजवाल्या दादांनी खाली बघून सांगितलं, स्टॅबिलायझर रॉड तुटलाय, डावीकडे, लोअर आर्ममध्ये, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्यात, शिरतो तिथेच. म्हणाले, "वेल्डिंग मारून देतो. आणि नाही मारलं तरी गाडी चालते, वळणावर जरा झुकेल एवढंच." इंटरनेटवरही सगळीकडे हेच वाचलं की हा रॉड नसला तर गाडी फक्त झुकते. मग माझी गाडी सरळ रस्त्यावर ब्रेकला का ओढते? शाळा बुडवायची नाहीये, म्हणून विचारते, पार्ट मिळेपर्यंत चालवू का?


पिंपरीचा_पाना

टेन्शन नका घेऊ. माझ्या हॅचबॅकची स्टॅबिलायझरची लिंक तुटली होती, गॅरेजवाले जंपिंग रॉड म्हणतात ती. दोन महिने तशीच पळवली. स्पीडब्रेकरवर खडखड व्हायची, गाणी मोठ्याने लावायचो. ओढ वगैरे टायरच्या हवेमुळे असेल, आधी हवा चेक करा.


निवृत्त_फिटर

ताई, गाडी दारातच राहू द्या. शाळेला रिक्षाने जा.

वरच्या भाऊंचं त्यांच्या गाडीपुरतं खरं आहे. त्यांच्या गाडीत लोअर आर्म त्रिकोणी असतो, आत दोन ठिकाणी धरलेला. चाक पुढेमागे जाऊ न देणं हे त्या आर्मचं काम. स्टॅबिलायझर बिचारा फक्त झुकणं कमी करतो, तुटला तर आवाजापलीकडे फारसं बिघडत नाही.

८००चं तसं नाही. तिचा लोअर आर्म म्हणजे एक आडवी पट्टी, आत एकाच बोल्टवर. एका बिजागरीवर दार लावलं तर कसं होईल? त्याला पुढेमागे न हलू देणारी वस्तू एकच, या रॉडचं टोक. म्हणजे एकच रॉड झुकणंही आवरतो आणि चाकही जागेवर धरतो. यात मारुतीचं काही वेगळं नाही, या जातीचं सस्पेन्शन बनवणाऱ्या मॅकफर्सन इंजिनिअरची मूळ युक्तीच ही. १९५०च्या विलायती फोर्ड कॉन्सुलपासून चालत आलेली. एक पार्ट वाचतो. तुटला मात्र की दोन्ही कामं एकदम जातात.

आता तुमची 'टक' बघा. ब्रेक लावला की रस्ता चाकाला मागे ढकलतो. रेस दिली की पुढची चाकंच गाडी ओढतात, त्यामुळे चाक पुढे येतं. डावं चाक हेच करतंय, मागे-पुढे, मागे-पुढे. मागे गेलं की त्याचा कोन बदलतो आणि गाडी त्या बाजूला ओढते. हवा भरून हे जाणार नाही.

खात्री हवी तर टेप घ्या. सपाट जागेवर स्टिअरिंग सरळ ठेवून गाडी उभी करा. पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मधोमध ओळंबा सोडा, जमिनीवर खडूने खूण करा आणि दोन खुणांमधलं अंतर मोजा. ८००चा व्हीलबेस, म्हणजे हेच अंतर, २१७५ मिलिमीटर. दोन्ही बाजूंना जवळपास तेवढंच यायला हवं. मग इंजिन बंद ठेवून, न्यूट्रलमध्ये, कुणाला तरी गाडी मागून ढकलायला सांगा आणि तुम्ही आत बसून ब्रेक दाबा. परत मोजा.

मोजताना गाडीखाली शिरू नका. शिरायचंच झालं तर नुसत्या जॅकवर नाही, लाकडी ठोकळे लावून.


देवरुखची_८००

काका, मोजलं. ओळंबा शेजारच्या गवंड्याकडून आणला, तो अर्धा तास बघत उभा होता.

उजवीकडे २१७३. डावीकडे आधी २१६०, आणि भावाने ढकलून मी ब्रेक दाबल्यावर २१४६. टायर मडगार्डच्या मागच्या कडेला लागायच्या बेतात होता. घाटात मी ही गाडी उतरवली या विचाराने आज जेवण गेलं नाही.

वेल्डिंगचं सांगा ना. दादा अजूनही म्हणतायत, "माझं वेल्डिंग तुटलं तर पैसे परत."


निवृत्त_फिटर

पैसे परत मिळतील हो. चाक परत येईल का?

हा रॉड स्प्रिंगच्या पोलादाचा, पाणी दिलेला, म्हणजे तापवून-विझवून कणखर केलेला. वेल्डिंगच्या उष्णतेने ते पाणी उतरतं, टाक्याच्या शेजारचा भाग ठिसूळ होतो. एसटीच्या वर्कशॉपात ३१ वर्षं काढली, वेल्डिंग केलेले स्प्रिंगचे पाटे पाहिलेत. टाका शाबूत असतो, पाटा त्याच्या बोटभर बाजूला तुटतो. तुमच्या दादांचा हात कितीही चांगला असो, त्यात हाताचा दोष नाही.


उद्यमनगर_कोल्हापूर

काकांशी सहमत. थोडी भर घालतो, कारण हे काम दोनदा स्वतः केलंय आणि पहिल्यांदा चुकवलंय.

रॉड नवाच घ्या, दुकानात चेसिस नंबर दाखवून. भंगारातला स्वस्त पडतो, पण तोही तुमच्या गाडीच्याच वयाचा आणि त्याच जागी गंजलेला. आटे संपतात तिथे बुशच्या, म्हणजे रबरी गादीच्या, वाटीखाली पाणी साठतं, कोकणात तर खारं वारंही. वरून रंग चांगला दिसतो. टोकांचे बुश आणि मधल्या क्लॅम्पचे बुश दोन्ही बाजूंचे बदला, एकच बाजू बदलून उपयोग नाही. नट सुटू नये म्हणून घालतात ती स्प्लिट पिन नवी. जुनी पिन सरळ करून परत घालणारे असतात, त्यांना चहा पाजून परत पाठवा.

रबराला साधं ग्रीस लावायचं नाही, रबर फुगतं. साबणाचं पाणी पुरतं.

आणि माझी चूक: गाडी जॅकवर असतानाच मी सगळे नट करकचून आवळले. चाकं लटकलेली असतात, बुश त्या अवस्थेत आवळले जातात आणि गाडी खाली उतरवली की कायमचे पिळलेले राहतात. पाच महिन्यांत फाटले. नट हाताने बसवा, गाडी चाकांवर उतरवा, पुढून दोन-चार वेळा दाबून हलवा आणि मगच शेवटचं आवळा.

नंतर अलाइनमेंट. ८००मध्ये पुढे फक्त टो, म्हणजे वरून पाहिलं तर चाकं आत-बाहेर किती वळलीत ते, ॲडजस्ट होतो. कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढेमागे कल, दोन्ही बाजूंना वेगळा दाखवला तर 'सेट करून देतो' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, आर्म किंवा क्लॅम्पची जागा वाकली आहे का ते बघा.


पिंपरीचा_पाना

मी शब्द मागे घेतो. ८००चं हे खरंच माहीत नव्हतं.


देवरुखची_८००

झालं काम. जरा उशिराच लिहिते, मध्ये घटक चाचणीचे पेपर होते.

रॉड कोल्हापूरहून एसटीच्या पार्सलने आला. दादांना मोबाइलवर इथलं सगळं वाचून दाखवलं. आधी गाल फुगवून बसले, मग २१४६चा आकडा ऐकून स्वतःच टेप घेऊन मोजायला लागले. त्यानंतर वेल्डिंगचं नाव काढलं नाही.

सगळ्यात जास्त वेळ उजव्या नटाने खाल्ला. डिझेल सोडून रात्रभर ठेवला, तरी नाहीच. शेवटी ब्लेडने कापला. डावा तुकडा बाहेर आला तेव्हा दादांनी माझ्या हातावर ठेवला. तुटलेल्या तोंडाचा दोन तृतीयांश भाग काळपट तपकिरी, उरलेला चकचकीत करडा. म्हणजे साखरप्याला तुटला तो एवढासा. बाकीचा कधीपासून तडकत होता कोण जाणे. दोन महिने स्पीडब्रेकरवर किरकिर यायची, मी बुशला तेल सोडत होते!

गाडी खाली उतरवूनच आवळलं. आता डावीकडे २१७४, उजवीकडे २१७३. अलाइनमेंट रत्नागिरीला केलं, कॅस्टर दोन्हीकडे जुळतो. ब्रेकला सरळ थांबते.

काका, एक राहिलं. पूर्ण स्टिअरिंग वळवलं की उजवीकडे वरच्या बाजूने, बॉनेटखाली, स्प्रिंग सुटल्यासारखा 'टंग' असा आवाज येतो. तो आधीपासूनच होता. शॉकअपचं वरचं माउंटिंग का?


निवृत्त_फिटर

बॉनेट उघडा, कुणाला तरी स्टिअरिंग फिरवायला सांगा आणि माउंटिंगवर हात ठेवा. आवाज हाताला लागला तर तेच. बोट स्प्रिंगमध्ये घालू नका.