मदत हवी आहे : १९४४ मध्ये अराकान आघाडीवर मारले गेलेले बार्शीचे डॉक्टर

सर्वांना नमस्कार.

माझे चुलत आजोबा बार्शीत दवाखाना चालवत असत. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्यातील डॉक्टर म्हणून ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेले आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये अराकान भागात मारले गेले. सोलापुरात युद्धात गेलेल्या डॉक्टरांविषयी विचारले, की जो तो भैय्या चौकातील डॉ. कोटणीस स्मारकाचा पत्ता सांगतो. ते स्वाभाविकही आहे. परंतु कोटणीस १९४२ साली चीनमध्ये आजारपणात वारले आणि त्यांच्याविषयी भरपूर लिहिले गेले आहे. आमचे आजोबा साधे एल.सी.पी.एस. (पदवीऐवजी परवाना-परीक्षा दिलेले, म्हणजे लायसेन्शिएट डॉक्टर) होते, त्यांच्यावर चार ओळीही कुठे छापून आलेल्या नाहीत.

घरात त्यांची खतावणी आहे. रोग्याचे नाव, गाव, मिक्श्चरच्या बाटल्या आणि पुढे रक्कम; बऱ्याच ठिकाणी रकमेऐवजी ‘ज्वारी २ पायली’ आणि काही ठिकाणी नुसतीच आडवी रेघ. १९४२च्या दिवाळीनंतर अक्षर बदलते, कारण पुढचा हिशोब कंपाउंडरने ठेवला. याखेरीज मृत्यूची तार आहे, पण तिच्यात पलटणीचे नाव नाही.

थोरल्या आजी सांगत, की त्यांना ‘दवाखान्यातच मारले’. त्यावरून मला शंका येते ती अराकानमधल्या सिंझवेया या ठिकाणाची. ७ फेब्रुवारी १९४४ च्या रात्री जपानी सैनिकांनी तेथील मुख्य ड्रेसिंग स्टेशन (आघाडीवरचा लष्करी दवाखाना) ताब्यात घेतले आणि नंतर डॉक्टर व जखमींना ठार केले. मात्र तारेवरची पुसट तारीख ७ आहे की १७, हे भिंगातूनही लागत नाही; त्यामुळे घरातल्या आठवणीवर इतिहास रचण्याचा मोह मी आवरला आहे.

इंडियन आर्मी मेडिकल कोअर एप्रिल १९४३ मध्ये स्थापन झाली आणि इंडियन मेडिकल सर्व्हिस व इंडियन मेडिकल डिपार्टमेंटमधील लष्करी डॉक्टर तिच्यात सामावले गेले. आजोबा त्याआधीच भरती झाले असल्याने, लायसेन्शिएट डॉक्टरांची त्या वेळची सेवापत्रके आज दिल्लीत मिळतात की लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, हे जाणकारांनी कृपया सांगावे. सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात स्वातंत्र्यपूर्व काळातील पेन्शनच्या नोंदी पाहायला मिळाल्याचा कोणाचा अनुभव असल्यास तोही लिहावा.

युद्धात मेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत आडनावाने शोधून काही हाती लागले नाही. भारतीयांची नावे तेथे कधी आडनावाशिवाय, केवळ स्वतःच्या नावाने नोंदलेली आढळतात, आणि जिल्ह्याचे नाव जुन्या पद्धतीने ‘शोलापूर’ असे असते. रंगूनजवळच्या तौक्यान येथे समाधी नसलेल्यांसाठी रंगून मेमोरियल आहे आणि दहन झालेल्यांसाठी वेगळे स्मारक आहे. या दोन्ही याद्या गावाच्या नावावरून चाळण्याची काही सोय आहे का? सिंझवेयाच्या भागात लढलेल्या सातव्या भारतीय डिव्हिजनच्या फील्ड अॅम्ब्युलन्सच्या (आघाडीवरील वैद्यकीय तुकड्यांच्या) युद्ध-दैनंदिन्या कोणी पाहिल्या असतील, तर त्यांत डॉक्टरांची नावे येतात की केवळ हुद्दे, एवढे कळले तरी पुढचा पत्रव्यवहार कोणाशी करायचा हे ठरवता येईल. खतावणीची व तारेची छायाचित्रे मागितल्यास देईन.