बाबांच्या 'नसा' खराब म्हणजे नक्की कुठल्या? छातीत दुखलंच नाही आणि ईसीजीत जुना अटॅक

कृष्णाकाठची:
नमस्कार मंडळी, जाम गोंधळलेय म्हणून विचारते. बाबा ७१ वर्षांचे, शुगर वीसेक वर्षांची. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी ईसीजी काढला तर डॉक्टर म्हणाले यात जुना अटॅक दिसतोय, कधी आला होता? आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतोय कारण बाबांच्या छातीत आजवर कधी दुखलेलंच नाही. टूडी इकोतही तेच, हृदयाची एक भिंत नीट हलत नाही म्हणे. "शुगरने नसा खराब झाल्यात म्हणून कळलं नाही" एवढं बोलून त्यांनी पुढचा पेशंट बोलावला. आता काका म्हणतात नसा खराब म्हणजे ब्लॉकेज, मला वाटतंय डॉक्टर वेगळंच काहीतरी सांगत होते. पल्स कायम ९५-१०० असते, आणि सकाळी अंथरुणातून उठले की दोन मिनिटं भिंत धरून उभे राहतात. याचा काही संबंध आहे का?

रात्रपाळी:
ताई, सगळा घोळ 'नस' या शब्दाचा आहे. सलाईन लावताना 'सिस्टर, नस सापडत नाही का' म्हणतात ती शीर, 'हार्टची नस ब्लॉक' म्हणतात ती रक्तवाहिनी, आणि 'कंबरेत नस दबली' म्हणतात तो मज्जातंतू. तुमचे डॉक्टर मज्जातंतूंबद्दल बोलत होते. पण काकाही अगदीच चुकले नाहीत, जुना अटॅक आहे म्हणजे रक्तवाहिन्यांचा प्रश्नही आहेच, तो कार्डिओलॉजिस्टकडे वेगळा बघावा लागेल.

मी बरीच वर्षं आयसीयूत आहे म्हणून सांगते. हृदय स्वतःच्या मनाने धडधडतं, त्याचा स्वतःचा वेग मिनिटाला साधारण १०० असतो. मेंदूतून निघून मानेतून खाली येणारी व्हेगस नावाची नस त्याला सतत ब्रेक लावून ६०-८० वर ठेवते, आणि सिंपथेटिक नसा ॲक्सिलेटर. शुगर आधी लांब नसा खाते, म्हणून पायाची बोटं आधी बधिर होतात. व्हेगस पण चांगलीच लांब, तिचा ब्रेक गेला की पल्स बसल्या जागी शंभरच्या आसपास. उठल्यावर पायातल्या रक्तवाहिन्या पटकन आवळल्या पाहिजेत, तो निरोप पण नसांवाटेच जातो, तो गेला नाही की बीपी पडतं आणि माणूस भिंत धरतो. आणि छातीत दुखतंय ही बातमी मेंदूला द्यायची तीही नसांनीच. म्हणजे अटॅक आला, बातमीच पोचली नाही.

बाबांना पायात मुंग्या, चप्पल निसटलेली न कळणं असं काही आहे का?

साखरझोप:
आमच्या मामांचं डिट्टो असंच. फक्त दरदरून घाम आणि मळमळ, सगळे म्हणाले ॲसिडिटी, सोडा पाजला. शेवटी दम लागला तेव्हा नेलं. शुगरवाल्या माणसाला असा उगाच घाम, धाप किंवा एकदम गळून गेल्यासारखं झालं तर दुखायची वाट बघू नका, ईसीजी काढा.

बेडूकराव:
थोडं अवांतर. हा ब्रेक नस कशी लावते ते १९२१ मध्ये ऑटो लोवी यांनी ऑस्ट्रियात ग्राझला दाखवलं. दोन बेडकांची हृदयं, एकाची व्हेगस चाळवली, ते मंदावलं. त्याच्या भोवतीचं पाणी दुसऱ्यावर घातलं तर तेही मंदावलं, म्हणजे नस काहीतरी रसायन सोडते! प्रयोग म्हणे स्वप्नात सुचला, उठून चिठ्ठीवर खरडला आणि सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना, मग दुसऱ्या रात्री परत तेच स्वप्न. १९३६ ला हेन्री डेल यांच्यासोबत नोबेल.
आणि रात्रपाळी म्हणतात त्या शंभरचा पुरावा हवा तर हार्ट ट्रान्सप्लांट झालेले लोक बघा. नसा कापलेल्या असतात, त्यामुळे बसल्या जागी पल्स ९०-१०० च्या घरात.

चहाबाज:
पल्स कमी करायची गोळी मिळते ना, बीटा ब्लॉकर? माझ्या सासूबाई घेतात.

रात्रपाळी:
चहाबाज, मनाने अजिबात नको. शुगर खाली गेली की छातीत धडधडतं, हात थरथरतात, ती धोक्याची घंटाच या गोळ्या दाबू शकतात, घाम तेवढा येतो. डॉक्टर विचार करूनच देतात.
ताई, कार्डिओलॉजिस्टकडे जाल तेव्हा झोपून आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांत असं दोनदा बीपी घ्यायला सांगा. वरचा आकडा २० किंवा जास्त पडला तर दखल घेतात. दुसरी टेस्ट श्वासाची, मिनिटाला सहा संथ श्वास आणि सोबत ईसीजी. श्वास घेताना पल्स वाढली पाहिजे, सोडताना उतरली पाहिजे. तोवर उठताना बाबांना आधी पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसू दे.

कृष्णाकाठची:
रात्रपाळी, खूप आभार. हो, मुंग्या आहेत. गेल्या महिन्यात एक चप्पल देवळाबाहेर राहिली आणि गाडीपर्यंत आले तरी पत्ता नाही, आम्ही हसलो होतो तेव्हा.
काल रात्री ऑक्सिमीटर लावून श्वासाचं करून बघितलं (कळतंय, ती खरी टेस्ट नव्हे). बाबांचे आकडे ९७, ९८, ९७, जागचे हलेचनात. मग मी माझ्या बोटाला लावलं तर ७० वरून ८३ आणि परत खाली. बाबा म्हणाले तुझं मशीन बिघडलंय. गुरुवारची अपॉइंटमेंट घेतलीय, काका पण येणारेत.