पोटात खरंच दुसरा मेंदू असतो का?

सातवीतलीआई: मुलगी काल सांगत होती की स्टेगोसॉरसला दोन मेंदू होते, एक डोक्यात नि एक कंबरेत. मग कुठल्याशा व्हिडिओत तिने बघितलं की माणसाच्या पोटातही दुसरा मेंदू असतो. तिचं पेपरच्या दिवशी हमखास पोट बिघडतं, त्यामुळे आता विचारतेय की माझ्या पोटाला कसं कळतं आज पेपर आहे? काय सांगू तिला?

जुनीहाडं: डायनासोरचं आधी सांगतो. १८८१ साली मार्श या अमेरिकन संशोधकाला स्टेगोसॉरसच्या कंबरेच्या मणक्यांत मोठी पोकळी दिसली, डोक्यातल्या मेंदूच्या जागेपेक्षा कितीतरी मोठी, आणि दोन मेंदूंची गोष्ट तिथून पसरली. पण पक्ष्यांमध्येही त्याच जागी पोकळी असते आणि तिच्यात ग्लायकोजेनचा, म्हणजे शरीरात साठवलेल्या साखरेचा, गोळा असतो, मेंदू नाही. स्टेगोसॉरसमध्येही तसंच काहीतरी असणार.

वॉर्डसिस्टर: ताई, पोटाचं मात्र बरंचसं खरं आहे. अन्ननलिकेपासून खालपर्यंत आतड्याच्या भिंतीत मज्जापेशींचं जाळं असतं, १० कोटींच्या वर पेशी, आणि ते स्वतःच्या बळावर चालतं. १८९९ मध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या इंग्रज संशोधकांनी कुत्र्याच्या आतड्याकडे बाहेरून येणाऱ्या नसा तोडून बघितल्या तरी आतडं आतला गोळा पुढे ढकलतच राहिलं. मी लहान मुलांच्या सर्जरी वॉर्डात काम केलंय, तिथे हर्शस्प्रुंगची बाळं यायची, साधारण ५००० त एक बाळ असं असतं, आतड्याच्या शेवटच्या भागात या पेशी जन्मतःच नसतात, बाकी बाळ अगदी छान, पण तो तुकडा आवळलेलाच राहतो, पहिली काळी शी दोन दोन दिवस होत नाही, पोट फुगतं, हिरवी उलटी होते आणि मग ऑपरेशन करून तो भाग काढून वरचं चांगलं आतडं खाली आणून जोडावं लागतं. त्या पेशी काय काम करतात ते मला पुस्तकापेक्षा त्या बाळांमुळे कळलं.

दर्यावरचा: ऑक्टोपसचं पण सांगा तिला. ५० कोटींच्या आसपास मज्जापेशी, त्यातल्या दोनतृतीयांश हातांमध्ये. तोडलेला हातसुद्धा चिमटा काढला की मागे सरतो.

सातवीतलीआई: म्हणजे पोट विचार करतं?

वॉर्डसिस्टर: नाही हो, पेपर आहे हे डोक्यालाच कळतं. पण डोक्यातून पोटाकडे नसा जातात, रक्तातून ताणाची हार्मोन्स येतात, त्याने आतड्याची चाल बदलते, कुणाला जुलाब होतात कुणाला मळमळ. आणि व्हेगस नावाच्या नसेतले बहुतेक तंतू खालून वर निरोप नेणारे असतात, म्हणजे पोट बिघडलं की तेही डोक्याला कळतं आणि पोरगी अजून घाबरते. दुखणं खरं असतं तिचं.

सातवीतलीआई: मागच्या चाचणीला मी तिला नाटकं करू नकोस म्हणून ओरडले होते. आज शाळेतून आली की आधी तेच बोलते तिच्याशी, डायनासोर नंतर.