खाणीतल्या दगडातून सोनं काढतात कसं?

उदगीरचा सोनार: आमच्या दुकानातला केर झारेकरी घेऊन जातो. धुतो, पारा घालून सोन्याचे कण गोळा करतो अन् पारा तव्यावर उडवतो. खाणीतबी असंच करायलेत का? दगडात सोनं दिसतं का?

देगलूरकर: रायचूर जिल्ह्यातल्या हट्टीच्या खाणीत मी निवृत्तीपर्यंत मिलमध्ये होतो. सोनं सहसा दिसत नाही. टनभर दगडात तीन-चार ग्रॅम असलं तरी खाण चालते. तुमच्या एका अंगठीला ट्रॉलीभर दगड लागतो बगा. तो फोडून बॉल मिलमध्ये, म्हणजे लोखंडी गोळ्यांच्या फिरत्या पिंपात, पाण्यासोबत पिठासारखा बारीक दळतात. मोठे, जड कण हलत्या टेबलावर वेगळे होतात. उरलेल्या रबड्यात आधी चुना, मगच सोनं विरघळवायला अगदी थोडं सायनाइड. चुना कमी पडला तर विषारी वायू सुटतो, म्हणून आम्ही पाळीभर पीएच, म्हणजे आंबट-खारेपणाचं माप, तपासत राहायचो. खालून हवा सोडावी लागते. ऑक्सिजनशिवाय सोनं विरघळत नाही. ही रीत 1887 ची, अजून हीच चालते. विरघळलेलं सोनं नारळाच्या करवंटीचा कोळसा धरून ठेवतो. कोळशातून ते परत द्रावणात उतरवायचं, विजेनं लोखंडी लोकरीवर बसवायचं, मग भट्टीत टाकणखार घालून वितळवायचं. टाकणखार तुमच्याकडंबी तोच.

पण तुमच्या झारेकऱ्याची मला काळजी वाटायली. पाऱ्याची वाफ दिसत नाही, वास येत नाही. मेंदू अन् मूत्रपिंडं खराब करते. तवा घरात तापवतो का? लेकरं जवळ असतात का?

नांदेडची भूगोलवाली: आपल्याकडं सोन्याची खाण कामून नाही, तेही सांगते. मराठवाड्याचा बहुतेक भाग लाव्हाच्या काळ्या पाषाणाचा. हट्टीचं सोनं त्याहून कितीतरी जुन्या, धारवाडी खडकांतल्या गारेच्या (क्वार्ट्झच्या) शिरांत आहे. तिथं सुमारे 2000 वर्षांपूर्वीच्या खाणकामाच्या खुणा सापडल्यात. हल्लीची कंपनी 1947 ला निजामाच्या राज्यात सुरू झाली, तेव्हा रायचूर अन् आपण एकाच संस्थानात होतो.

उदगीरचा सोनार: काका, तो घरातच तापवतो, मागच्या खोलीत. नातू तिथंच खेळतो. काय सांगू त्याला?

देगलूरकर: तवा आजच बंद करायला लावा. बंद झाकणाचं, नळीचं भांडं मिळतं. वाफ नळीत थंड होऊन पारा परत हाती येतो, म्हणजे त्याचा पैसाबी वाचतो. तेबी घराबाहेर, मोकळ्यावर वापरायचं. त्याला अन् नातवाला जिल्हा रुग्णालयात दाखवा, पाऱ्याचं काम करतो हे डॉक्टरला आवर्जून सांगा. भांड्याचं माप मी कळवतो.