शनिवारची संध्याकाळ सोलापुरातच का नको? तिकीट लावून गाणं-नाटक : तुमचं मत टोपणनावानं खाली सांगा

बाळीवेस

गेल्या शनिवारी बहिणीचा मुलगा पुण्याहून आला होता. संध्याकाळी सातला विचारतो, "मामा, आज बघायला काय आहे?" मी त्याला पार्क चौपाटीवर नेलं, भेळ खाल्ली, सात रस्त्यापर्यंत चक्कर झाली, साडेआठला घरी. तो काही बोलला नाही, पण मला वाईट वाटलं. २०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाखांचं असलेलं शहर, आणि शनिवारी संध्याकाळी पाहुण्याला दाखवायला भेळ.

जागा नाहीत असं कुणी म्हणू नये. हुतात्मा स्मृती मंदिर आहे, फडकुले सभागृह आहे, रंगभवन आहे, हिराचंद नेमचंद वाचनालयाचं ॲम्फी थिएटर आहे. माणसं नाहीत असंही नाही. गायिका-अभिनेत्री फैयाज याच गावच्या, अतुल कुलकर्णींनी इथल्याच 'नाट्य आराधना'त हौशी रंगभूमीचे धडे घेतले. प्रिसिजन कंपनीचा संगीत महोत्सव असतो तेव्हा हुतात्मामध्ये याच शहरातले लोक तास न् तास बसून ख्याल ऐकतात. म्हणजे कान आहेत. पण महोत्सव वर्षातून एकदा. बाकीच्या शनिवारी काय?

माझं म्हणणं एवढंच. दर शनिवारी एक सभागृह, साडेसात ते साडेनऊ. एका आठवड्यात गाणं, दुसऱ्या आठवड्यात नाटक किंवा दोन एकांकिका. तिकीट १५० रुपये, पास कुणालाही नाही. कलाकार इथलेच. राज्य नाट्य स्पर्धेसाठी आपल्या संस्था दोन-दोन महिने तालमी करतात, स्पर्धेत एक प्रयोग होतो, दुसऱ्या दिवशी नेपथ्य मोडून लाकूड परत. ते नाटक शहरानं पाहिलेलंच नसतं. ही नासाडी मला बघवत नाही.

जुळेसोलापूर

माझा स्पष्ट विरोध आहे, आणि तो कलेला नाही.

आमच्या घरामागं एक गार्डन हॉटेल आहे. दोन वर्षांपूर्वी तिथं शनिवार-रविवार 'लाइव्ह म्युझिक' सुरू झालं. वडिलांची बायपास झाली होती. साडेदहा, अकरा, कधी साडेअकरा. बासचा ठोका भिंतीतून नाही, पलंगातून येतो, हे ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. तीनदा जाऊन हात जोडले. "काका, गिऱ्हाईक नाराज होतं" एवढंच उत्तर. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला बंदी घालतात. राहत्या वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. कागदावर सगळं आहे.

आज तुम्ही साडेनऊ म्हणताय. एकदा शहराला चटक लागली की उद्या दहा, परवा बारा. आधीच गणपतीत आणि वरातीत डीजेनं जीव नकोसा केलाय.

होममैदान_१९५८

सोलापूरला रात्र ठाऊक नाही असं कुणी समजू नये. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्यात, म्हणजे यात्रेत, होम मैदानावर रात्री उशिरापर्यंत माणूस हलत नाही. रमजानात विजापूर वेशीत मीना बाजार भरतो, तिथं सगळ्या जातिधर्माची घरं खायला जातात. गणपतीच्या आधी मंडळांचे लेझीमचे सराव रात्री चालतात, पोरं घामानं निथळतात. हिवाळ्यात हुरडा. मिल चालू होत्या तेव्हा जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजीच्या चाळींत भजनी मंडळं, मेळे, कलापथकं होती. शाहीर अमर शेख आपल्याच बार्शीचे. त्या गाण्याला तिकीट नव्हतं. आपली करमणूक ऋतूप्रमाणं येते. तिला दर आठवड्याला हजेरी लावायची सक्ती कशाला? पुण्या-मुंबईचं वेळापत्रक आपल्याला मानवणार नाही.

बाळीवेस

काका, गड्डा आणि लेझीम माझ्याही जीवाची आहेत. पण मिल बंद झाल्या आणि चाळीतले मेळेही गेले, हे तुम्हीच मला अनेकदा सांगितलंय. त्या जागी काय आलं? मोबाइल आला. ऋतूची वाट बघत बसलेला तबलजी वर्षाचे दहा महिने शिकवण्या करून जगतो. मग तो पुण्याला जातो, आणि तिथं तिकीट काढून त्याला ऐकायला आपण हुतात्मा एक्स्प्रेसनं अडीचशे किलोमीटर जातो. मला हे मानवत नाही.

तालीमवाला

पंचवीस वर्षं हौशी रंगभूमीवर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाळीवेस, तुमचं दुखणं खरं आहे, औषध सोपं नाही. आधी सभागृहाच्या तारखा. शनिवार-रविवार शाळांची गॅदरिंग, सत्कार, मेळावे आणि बाहेरून येणारा व्यावसायिक नाटकाचा दौरा यांनी भरलेले असतात. आमच्या वाट्याला मंगळवार येतो. दुसरं, पास. प्रयोग लावला की चार दिवस आधी फोन सुरू. "अरे, घरचेच की आपण!" देणगीदाराला पास, नटाच्या मेव्हण्याला पास, ज्यानं पोस्टर चिकटवलं त्याला पास. पहिल्या सहा रांगा फुकट, आणि त्यातल्या निम्म्या रिकाम्या, कारण फुकट मिळालेल्या पासाला कुणी जागत नाही. तिकीट काढलेला माणूस मागं बसून रिकाम्या खुर्च्या बघतो. तो दुसऱ्यांदा येत नाही.

हिशेब मांडून बघा. समजा ३०० तिकिटं खपली, १५० रुपयांची. ४५,००० झाले. त्यातून सभागृहाचं भाडं, प्रकाश, ध्वनी, नेपथ्याचा टेम्पो, लेखकाचं मानधन, आणि नाटकाची संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र मिळवण्याची धावपळ. एवढं होऊन नटाच्या हातात रिक्षाभाडं पडलं तर नशीब. व्यावसायिक नट 'नाईट', म्हणजे दर प्रयोगाचं मानधन, घेतो. आमच्यातला एक जण त्या दिवशी बँकेतून हाफ डे घेतो.

तरीही करावं असं मी म्हणतो. ३०० माणसं स्वतःच्या खिशातून पैसे काढून आली तर आमचा प्रयोग बदलेल. स्पर्धेत आम्ही परीक्षकांकडं बघून नाटक करतो. गावाकडं बघून कधी केलंच नाही.

फक्त एक अट. हॉटेलातलं गाणं यात मोजू नका. लोक तंदुरी रोटी तोडत असताना कोपऱ्यात कुणी गात असेल, त्याला मैफल म्हणत नाहीत.

सुरेल_नवीपेठ

तालीमवाला दादा, मी त्या कोपऱ्यातच गाते.

संगीत विशारद आहे. आठवड्यातून दोनदा होटगी रोडच्या एका हॉटेलात तीन तास उभी असते, एक गिटारवाला आणि एक कहॉनवाला (लाकडी खोक्यावर ठेका धरणारा) सोबत. हो, लोक जेवत असतात. पण मागच्या महिन्यात एका टेबलवरचे आजोबा जेवण थांबवून चिठ्ठी पाठवतात की एखादं नाट्यपद म्हणाल का. मी म्हटलं. शेजारच्या टेबलवरची कॉलेजची पोरं आधी हसली, नंतर गप्प झाली, शेवटी टाळी त्यांचीच सगळ्यात मोठी. ती मैफल नव्हती तर काय होतं?

तुमच्या सभागृहानं मला गेल्या पाच वर्षांत किती वेळा बोलावलं? दोनदा. दोन्ही वेळा शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ. हॉटेलवाला त्या रात्रीच पैसे देतो. माझ्या बहिणीची फी त्यातून जाते. अपमान करायचा असेल तर नारळ देऊन गाऊन घेणाऱ्यांचा करा.

जुळेसोलापूर काका, तुमच्या वडिलांबद्दल वाचून खरंच वाईट वाटलं. आम्ही दहाला बंद करतो आणि बास लावतच नाही. पण सगळे तसे नाहीत, हे मान्य.

तालीमवाला

ताई, चुकलं माझं. नारळाचं तर शंभर टक्के खरं आहे, मी स्वतः आयोजक म्हणून दिलेत ते नारळ.

पूर्वभाग

सगळ्यांचं वाचलो. आता आमचं ऐका की.

वर लिहिलेली चारही सभागृहं शहराच्या एकाच अंगाला. आमच्या कन्ना चौकातनं, अशोक चौकातनं, विडी घरकुलातनं तिकडं यायचं म्हणजे दोन रिक्षा. आमच्याकडं आई हजार विड्या वळते तेव्हा एक दिवसाची मजुरी होते. त्यातनं १५० चं तिकीट? घरात चार माणसं असली तर ६०० रुपये. कोण जाणार बे?

आणि भाषा. आमच्या घरात तेलुगू, गल्लीत मराठी, कारखान्यात कन्नड आणि उर्दूही. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ निघतो तेव्हा पूर्वभाग बघा, बतुकम्माला, आमच्या तेलुगू बायकांच्या फुलांच्या सणाला, बायका फेर धरतात ते बघा. ते तुमच्या 'शहराच्या सांस्कृतिक कार्यक्रमा'त कधी दिसलं का? १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेल्या ज्या चौघांचं नाव हुतात्मा स्मृती मंदिराला आहे, ती नावं मोठ्यानं वाचा : धनशेट्टी, सारडा, शिंदे, कुर्बान हुसेन. नावांतच सगळं गाव आहे. कार्यक्रमपत्रिकेत मात्र गावाची एकच पेठ दिसते.

अजून एक. पाणी. चार-पाच दिवसांनी एकदा येतं, कधी संध्याकाळी, कधी मध्यरात्री. पाण्याची पाळी असली की घरातली बाई कुठंच जात नाही. तुमचा शनिवार आमच्या पाण्याला धरून येतो का?

आसरा_चौक_ताई

पाण्याचा मुद्दा आजवर कुठल्याच आयोजकाला सुचला नसेल. लिहिल्याबद्दल धन्यवाद, अण्णा.

मी वेळेबद्दल बोलते. साडेनऊला प्रयोग सुटला म्हणजे पडदा पडून, गर्दीतून बाहेर येऊन पावणेदहा. त्या वेळी एकट्या बाईला आसऱ्यापर्यंत रिक्षा करायची म्हणजे रिक्षावाला म्हणेल तो दर, आणि घरी पोचेपर्यंत आईचे तीन फोन. गाडी चालवत आले तरी सभागृहामागच्या अंधारात लावलेली गाडी काढताना मान सारखी मागं वळते. मला नाटक आवडतं. गेल्या वर्षी तीन तिकिटं काढली आणि दोनदा गेलेच नाही, याच कारणानं.

सहा ते आठ ठेवा. बायका येतील, आणि बायका आल्या की सगळं घर येतं.

बाळीवेस

ताई, ऑक्टोबर ते फेब्रुवारी सहा चालेल. एप्रिल-मेत पारा ४२-४३ ला असतो, सहाला डांबर भाजत असतं, घराबाहेर कुणी पाऊल टाकत नाही. साडेसहा ते साडेआठ असं केलं तर? दोन तासांचंच काहीतरी, मध्यंतर दहा मिनिटं, सत्काराची भाषणं नाहीत.

तिकिटाबद्दल पूर्वभाग अण्णांचं पटलं, म्हणून बदलतो. मागच्या दहा रांगा ५० रुपये, पुढच्या २००. नाटक-संगीताच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी माफ आहे, त्यामुळं तो भार नाही. पण फुकट मात्र नको, इथं मी हटणार नाही. फुकटाचा शेवट नारळात होतो, सुरेल ताईंनी सांगितलंच आहे.

पूर्वभाग

५० ठीक. फुकटाला माझाही विरोध आहे, घामाचं मोल आम्हाला शिकवू नका. पण मग दर वेळी आम्हीच का यायचं तिकडं? एकदा तुम्ही या.

जुळेसोलापूर

बंद सभागृहाचं म्हणत असाल तर माझा विरोध मागं घेतो. नियमातही रात्रीच्या बंदीतून बंदिस्त सभागृहं वगळलेली आहेत. दारं लावा, आत काय वाजवायचं ते वाजवा. साडेआठला सुटणार असेल तर मी स्वतः पत्नीला घेऊन येईन.

उघड्या गार्डनवरचा विरोध कायम. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारनं हॉटेलं आणि दुकानं चोवीस तास उघडी ठेवायची मुभा स्पष्ट केली, दारूची ठिकाणं सोडून. खायला उघडं ठेवा, काही म्हणणं नाही. पण त्या आडून स्पीकर चोवीस तास होणार असेल तर मी पुन्हा तक्रार घेऊन उभा राहीन. सुरेल ताई, तुमच्यासारखे बास न लावणारे किती आहेत?

सुरेल_नवीपेठ

थोडे आहेत, काका. मालक म्हणतो आवाज वाढव, रस्त्यावरून जाणाऱ्याला कळलं पाहिजे. मी वाढवत नाही म्हणून एक हॉटेल सुटलं माझं. हे एकट्या गायिकेच्या हातात नाही. तुम्ही गिऱ्हाईक म्हणून येऊन सांगितलं की आवाज कमी असेल तरच बसतो, तर मालक ऐकेल.

होममैदान_१९५८

मला अजूनही दर आठवड्याचं पटत नाही. महिन्यातून एकदा करा, नीट करा. चार शनिवारांपैकी तीन रिकामे गेले की पाचव्याला टाळं लागतं, असे उपक्रम मी खूप पाहिलेत.

तालीमवाला

काका म्हणतात ते बरोबर. महिन्यातून एक. आमच्याकडं एक एकांकिका तयार आहे, ३५ मिनिटांची, माणसं पाच, नेपथ्य म्हणजे दोन बाकं आणि एक दार. स्पर्धेनंतर ते दार भावाच्या घरी झाकून ठेवलंय. सुरेल ताईंनी तासभर गायलं तर दोन तास भरतात. मानधन आधी ठरवू, ताईंचं पहिलं. परवानगी, प्रमाणपत्राची कागदपत्रं मी बघतो. सभागृहाची तारीख तेवढी मिळत नाही, पुढच्या दोन महिन्यांचे शनिवार गेलेत.

पूर्वभाग

माझी यंत्रमागाची शेड आहे अक्कलकोट रोडला. सोळा माग होते, दहा विकले, राहिलेले एका भिंतीला सरकवलेत. पत्रा उंच आहे, दारं दोन्ही बाजूंनी बंद होतात, जुळेसोलापूर काकांनी येऊन तपासावं. खुर्च्या नाहीत, सतरंज्या आहेत. दीडशे माणूस बसेल. नाटक मराठीत करा, गाण्यात एक तेलुगू पद पाहिजे, ते माझी आत्या म्हणेल, साठीची आहे पण आवाज अजून खणखणीत आहे. तिलाही मानधन.

आसरा_चौक_ताई

मी आणि माझ्या चार मैत्रिणी येतो. आसऱ्यावरून एक टमटम ठरवून टाकते, जाऊन-येऊन. बाहेर दिवा आहे का, अण्णा?

पूर्वभाग

एक आहे, अजून दोन लावतो. शनिवार मात्र पाण्याचं वेळापत्रक बघून सांगतो.